‘रविवारी नका येऊ, ताई’: जुन्या नाशकातल्या एका खाद्यफेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्या नाशकात पाहुण्यांना पायी फिरवत खाऊ घालणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचं हे प्रकरण. मी पर्यटन शिकवतो. वर्गात विद्यार्थ्यांसमोर ठेवायला म्हणून फेरी चालवणाऱ्या ताई आणि संबंधित दुकानदार या दोघांशी बोलून, त्यांच्या संमतीने हे लिहिलं आहे. नावं दिलेली नाहीत आणि दुकानाची, वाड्याची नेमकी जागाही मुद्दाम सांगितलेली नाही.

ताई सोमवार पेठेच्या बाजूला वाड्यात वाढलेल्या. काही वर्षं मुंबईत ट्रॅव्हल कंपनीत नोकरी करून त्या परत आल्या. नाशिकला येणारा पाहुणा कसा फिरतो हे त्यांना पाठ होतं. सकाळी रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तिथून त्र्यंबकेश्वर, आणि पुढे बहुतेकांची गाडी शिर्डीच्या रस्त्याला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारी तरुण मंडळी गंगापूरच्या बाजूला द्राक्षमळे आणि वायनरी बघायला जातात. रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार या पट्ट्यात मात्र पाहुणा उतरतच नाही. तिथे गाडी लावायला जागा नाही आणि थांबण्यासारखं काही आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

सांगण्यासारखं तर पावलापावलावर आहे. पेशव्यांच्या काळातला सरकारवाडा आहे. तांबट आळी आहे. अहिल्याबाई होळकर पुलाच्या तोंडाशी १७५६ साली बांधलेलं सुंदरनारायण मंदिर आहे. तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, आहेत. फक्त रंगपंचमीला त्या उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात, नंतर पुन्हा बुजवतात. वर्षभर लोक त्यांच्यावरून चालत जातात आणि पायाखाली रहाड आहे हे बाहेरच्याला कळतही नाही. या सगळ्याला जोडून खाणं: मिसळ, पाववडा, साबुदाणा वडा, चिवडा, जिलेबी. इतिहासाचं व्याख्यान ऐकायला दहा माणसं जमणार नाहीत, पण खाण्याच्या निमित्ताने पन्नास जमतील आणि ऐकून घेतील, असा ताईंचा हिशोब होता. तो खरा ठरला.

फेरी ठरली रविवारी सकाळी आठची. रविवार कारंज्याला चांदीच्या गणपतीपाशी जमायचं, पहिला थांबा मिसळ. मग तांबट आळी, सराफ बाजार, चिवडा, जिलेबी, गोदाघाट, आणि पूल ओलांडून पंचवटीत चहा. माणशी ९०० रुपये, खाणं त्यातच. सोबत ताई आणि इतिहासाचं शिक्षण झालेला एक तरुण. पहिल्या हंगामातच गट १२-१४ जणांचा होऊ लागला, आणि थंडीच्या दिवसांत तर लोकांना नाही म्हणावं लागलं.

अडचण

मिसळीचं दुकान ताईंनी विचार करून निवडलं होतं. गेल्या काही वर्षांत नाशिकची प्रसिद्ध मिसळ गावाबाहेर गेली. हिरवळ, झोपाळे, चुलीवरची मिसळ, गाड्यांना मोकळी जागा, असा सगळा थाट तिकडे आहे. ताईंना तो नको होता. त्यांना पेठेतलं, दोन पिढ्या चाललेलं, सहा टेबलांचं दुकान हवं होतं. मालक काका रस्सा बघतात, काकू गल्ल्यावर, मुलगा टेबलं सांभाळतो. रस्सा काळ्या मसाल्याचा. पाव, कांदा-लिंबू, पापड, मागितलं तर दही. पावांचे पैसे वेगळे, रस्सा मात्र मागाल तेवढा.

ताई लहानपणापासून तिथे खात आल्या होत्या. “रविवारी चार-पाच पाहुणे घेऊन येईन,” असं त्यांनी सांगितलं तेव्हा काकांनी आनंदाने “या की” म्हटलं. त्या चार-पाचाचे चौदा झाले तेव्हा पुन्हा विचारणं झालं नाही. प्रकरणाचा पहिला निर्णयबिंदू हाच होता, आणि तो कोणाच्या लक्षातही न येता निघून गेला. गट एकेका माणसाने वाढत जातो. दुकानदाराशी नव्याने बोलायची वेळ नेमकी कधी आली, हे त्या वाढीत दिसत नाही.

सुरुवातीला कुरबूर अशी काही नव्हतीच. काकूंचा चेहरा जरा ओढलेला दिसायचा, मुलगा टेबल पुसायला दोनदा येऊन जायचा. मग एका रविवारी फेरी संपल्यावर काकांनी ताईंना बाजूला घेतलं. “ताई, तुम्ही आमचं नाव करताय, ते कळतंय मला. पण रविवारी नका येऊ. बुधवारी या, गुरुवारी या. रविवारी माझं गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं.”

त्या दिवशी काय घडलं होतं, तर गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) अंघोळ करून, ओला पंचा खांद्यावर टाकून दर रविवारी येणारे एक आजोबा दारात येऊन उभे राहिले. आत चार टेबलांवर फेरीतले पाहुणे होते. ताटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि तरुण गाईड काळ्या मसाल्यात सुकं खोबरं आणि कांदा कसा भाजतात ते सांगत होता. आजोबांनी थोडा वेळ वाट पाहिली, कोणाला काही न बोलता वळले आणि गेले. काकांनी ते भट्टीपाशी उभ्याउभ्या पाहिलं. रश्शाचा डाव हातात होता, त्यामुळे त्यांना हाकही मारता आली नाही.

ताईंची पहिली प्रतिक्रिया व्यवसायात सगळ्यांची होते तशीच होती. प्रत्येक पाहुण्यामागे काही रक्कम वर देते, म्हणाल्या. आणि हे लोक फोटो टाकतात, रील करतात, त्यातून तुमचं गिऱ्हाईक वाढेल. काकांचं उत्तर मी वर्गात शब्दशः सांगतो: “वाढवून करू काय? आहे तेवढंच झेपत नाही.”

या उत्तरामागे मोड आलेली मटकी आहे. रविवारची मटकी शुक्रवारी रात्री भिजत पडते, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली जाते, रविवारी पहाटे मोड तयार असतात. म्हणजे रविवारी किती मिसळ विकायची हे शुक्रवारी रात्रीच ठरलेलं असतं. पातेलं दुपारी एकच्या आसपास संपतं आणि दुकान बंद होतं. अशा दुकानाला प्रसिद्धी द्यायची म्हणजे रांगेत माणसं वाढवायची. पातेल्यात एक डावही वाढत नाही. खाद्यफेऱ्या चालवणारे बहुतेक जण दुकानदाराला प्रसिद्धी देऊ करतात, आणि प्रसिद्धी नको असणारा दुकानदार असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

ताई आणि मी मग बसून हिशोब मांडला. गट आणि सोबतची दोघं मिळून १६ माणसं, म्हणजे चार टेबलं. थांबा पाऊण तासाचा. रविवारी सकाळी त्या दुकानात टेबल साधारण पंधरा मिनिटांत मोकळं होतं. चार टेबलं, तीन फेऱ्या, टेबलाला चार माणसं, म्हणजे ४८ मिसळी. ९० रुपयांच्या दराने ४,३२० रुपये. टेबलं अर्धीच भरतात असं धरलं तरी २,१६० रुपये. फेरीकडून काकांना मिळत काय होतं? पुढे अजून चार ठिकाणी खायचं म्हणून ताई दोघांत एक मिसळ सांगायच्या. १४ पाहुण्यांत सात मिसळी: ६३० रुपये आणि वरचे पाव. शिवाय दोघांत एक म्हटलं की रस्सा जास्त लागतो, आणि तो फुकट.

कागदावर आकडे आले तेव्हा ताई बराच वेळ गप्प होत्या. आपण काकांना गिऱ्हाईक आणून देतो असं त्यांना मनापासून वाटत होतं. प्रत्यक्षात दर रविवारी काकांच्या गल्ल्यातून हजार-दीड हजार रुपये तरी कमी होत होते, आणि त्या पैशांवर फेरीचा सर्वांत गाजलेला थांबा चालला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दुकान बदलण्याचा. गावाबाहेरच्या मोठ्या ठिकाणी १६ माणसं कोणालाच जड नसतात. पण तिथे जायला गाडी लागते, आणि गाडीत बसवलं की फेरी पायी राहत नाही. पेठेतलंच दुसरं दुकान धरलं तर हाच प्रश्न दुसऱ्या दारात नेऊन ठेवायचा.

दुसरा पर्याय पैशांचा. पाऊण तासासाठी चार टेबलांचे ठरावीक पैसे द्यायचे, मिसळ किती खाल्ली ते न बघता. हिशोबाच्या दृष्टीने हे चोख होतं आणि मला वाटलं होतं काका मान्य करतील. त्यांनी केलं नाही. पैसे मिळाले तरी आजोबा बाहेरच राहणार होते. रोजचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाकडे वळलं की परत येत नाही, आणि फेरी उद्या बंद पडली तर टेबलाचे पैसेही बंद. काकांचं म्हणणं मला अजूनही बिनतोड वाटतं.

तिसरा पर्याय गट लहान करण्याचा. सहाच माणसं, दीड टेबल, पंधरा-वीस मिनिटं. यात ताईंचं गणित बिघडत होतं. ९०० रुपयांत सहा माणसं म्हणजे ५,४०० रुपये, त्यातून खाणं, सोबत्याचं मानधन, नोंदणीच्या संकेतस्थळाचा वाटा वजा करून हातात फार उरत नव्हतं. दर वाढवायचा तर किती, आणि येणारे येतील का?

चौथा पर्याय ताईंच्या मावशीने सुचवला. मिसळ दुकानातून आणायची आणि वाड्यात बसून खायची. उसळ, रस्सा, फरसाण वेगवेगळं, डब्यांत. वाड्याच्या ओसरीवर पंगत. गाईडने हवं तेवढं बोलावं, कोणाचं टेबल अडत नाही.

पाचवा पर्याय वेळ आणि वार बदलण्याचा, जो काकांनी पहिल्याच वाक्यात सांगून ठेवला होता. ताई त्याकडे सर्वांत शेवटी वळल्या, कारण पाहुणे येतात ते शनिवार-रविवारी.

केलेल्या गोष्टी

आधी वाडा करून पाहिला. कल्पना सुंदर होती आणि पहिल्यांदा पाहुणेही खूश झाले. शेणाने सारवलेली नसली तरी जुनी फरशीची ओसरी, चौकात तुळस, वर लाकडी माडी. पण अडचणी लगेच वर आल्या. रस्सा वाड्यात पुन्हा तापवावा लागे, आणि तापवताना तर्री वेगळी धरायची ती सगळी ढवळून मिसळून जाई. मिसळीत तर्रीचा सगळा थाट असतो, तोच जात होता. शिवाय पैसे घेऊन लोकांना अन्न तापवून वाढायचं म्हटलं की २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आपल्या नावावर लागते. दुकानाची नोंदणी वाड्याला चालत नाही. कोणाच्या पोटाला काही झालं तर दुकान म्हणणार आम्ही चांगलं दिलं, ताई म्हणणार आम्ही फक्त तापवलं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनाही दर रविवारी चौकात अनोळखी माणसं नको होती. दोन-तीन खेपांनंतर हा बेत ताईंनी आपणहून सोडला.

मग त्या काकांकडे दुपारी दीडच्या सुमारास गेल्या, पातेलं घासायला पडलेलं असताना. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. आधीची सगळी बोलणी गर्दीच्या वेळी, उभ्याउभ्या झाली होती. या वेळी काका बसले, काकूंनी चहा टाकला, आणि ताईंनी एकच विचारलं: “तुमच्या दुकानाला माणसं कधी हवी असतात?”

उत्तर सविस्तर आलं. दुकान सातला उघडतं. आठवड्यातल्या दिवशी साडेसात ते सव्वाआठ तुरळक माणूस असतं. नऊनंतर बाजारपेठ उघडायच्या आधी दुकानदार आणि नोकर मंडळी येतात, ती गर्दी साडेदहापर्यंत. बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो, त्यामुळे त्या दिवशी मटकी थोडी जास्तच भिजवलेली असते. साडेसातला सहा-आठ माणसं आली तर काकांना हवीच आहेत. आणि सातच्या आधी आलात, तर फोडणी पडताना बघता येईल. हे शेवटचं काकांनी आपणहून सुचवलं. रविवारी त्यांनी कधीच कोणाला भट्टीपाशी उभं राहू दिलं नव्हतं.

त्यावरून दोन फेऱ्या तयार झाल्या.

बुधवारची सकाळची फेरी, जास्तीत जास्त आठ जणांची, माणशी १,२०० रुपये. पावणेसातला फोडणी, साडेसातला मिसळ, प्रत्येकाला पूर्ण, दोघांत एक नाही. सव्वाआठला टेबल मोकळं. मग तांबट आळीतून उतरत गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात. फेरीला खरा अर्थ तिथे आला. मघाशी खाल्लेल्या मिसळीतलं सुकं खोबरं, मिरची, धणे, मटकी हे सगळं बाजारात गोणपाटावर मांडलेलं असतं, आणि पाहुणे आपणहून भाव विचारायला लागतात. मसाल्याचं व्याख्यान आता टेबलावर होत नाही, बाजारात होतं, आणि तिथे कितीही वेळ उभं राहिलं तरी कोणाची जागा अडत नाही.

रविवारची फेरी दुपारी साडेचारवर गेली. मिसळ नाही. मेन रोडवर साबुदाणा वडा, पुढे पाववडा, चिवड्याचं दुकान, गरम जिलेबी, आणि सुंदरनारायणावरून पूल उतरून संध्याकाळच्या गोदाआरतीला रामकुंडावर. ज्यांना मिसळ हवीच त्यांना ताई आदल्या दिवशी कळवतात: सकाळी तुमच्या तुम्ही, दोघं-तिघं मिळून जा, पेठेत खायची तर अमुक वेळेआधी. दोन माणसं कुठल्याही टेबलावर मावतात.

रामकुंडाबद्दलही तेव्हाच एक नियम ठरला. त्यामागे सकाळच्या फेरीतला एक प्रसंग होता. एका कुटुंबाचा दहाव्याचा विधी चालू होता. मुंडण केलेला मुलगा पायरीवर बसलेला, आणि त्याच्यापासून दोन हातांवर फेरीतला एक पाहुणा द्रोणातली जिलेबी खात उभा. त्या पाहुण्याचा दोष नव्हता. जिलेबी गरम होती आणि चालत खा असं त्याला सांगण्यात आलं होतं. आता पुलाच्या अलीकडेच सगळं खाऊन संपवायचं, हात धुवायचे, आणि पुलापलीकडे हातात काही न घेता जायचं. विधी चालू असतील तिकडे कॅमेरा वळवायचा नाही. फेरीच्या सुरुवातीला हे सांगितलं की कोणी कुरकुर करत नाही. ऐनवेळी सांगितलं तर लोक दुखावतात.

संध्याकाळची फेरी काळाराम मंदिराच्या दारात संपते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. गाईड हे थांबून सांगतो. खाण्याच्या फेरीत हे कशाला, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. ताईंनी तो भाग काढला नाही, आणि मला ते फार योग्य वाटतं. एका पंगतीला कोणी बसायचं आणि कोणी नाही हा प्रश्न याच शहरात, याच गल्ल्यांत लढला गेला. पेठेतल्या जुन्या खाण्याचं कौतुक करताना तो गाळला तर कौतुक अर्धंच राहतं.

परिणाम

पहिले काही महिने उत्पन्न सरळ खाली आलं. बुधवारी पाहुणे मिळेनात. रविवारच्या संध्याकाळसाठी विचारणा करणारे “नाशिकला येऊन मिसळ नाही?” म्हणून फोन ठेवून द्यायचे. संकेतस्थळावर एकाने कमी तारे देऊन नेमकं हेच लिहिलं. या काळात ताईंनी सकाळची फेरी पुन्हा सुरू करायचा विचार केला होता, तोही दुसऱ्या दुकानातून. पण ती सुरू केली नाही, कारण ते दुकान काकांच्या चुलतभावाचंच निघालं आणि त्याने आधीच सगळं ऐकलेलं होतं. पेठेत बातमीला वेळ लागत नाही.

बुधवार भरायला लागला तो अनपेक्षित माणसांमुळे. बाहेरगावचा पर्यटक बुधवारी येत नाही, पण नाशिकचीच माणसं येऊ लागली. कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे राहणारे निवृत्त लोक, परदेशातून सुट्टीला आलेली मुलं आईवडिलांना घेऊन. पंचवीस-तीस वर्षं शहरात राहून यातल्या कित्येकांनी दहीपूल ओलांडून आत पाऊल ठेवलेलं नव्हतं. या मंडळींना घाई नसते, १,२०० रुपये जास्त वाटत नाहीत, आणि ती बाजारातून भाजी घेऊन घरी जातात. बाजारवाल्यांनाही म्हणूनच ही फेरी आवडते.

रविवारच्या संध्याकाळी गट पुन्हा १२ च्या आसपास आला आहे. उत्पन्न आधीच्या बरोबरीला पोचलं, वर गेलं नाही. तोटा असा की ज्या तांबट कारागिराकडे सकाळी थांबायचे तो रविवारी दुपारनंतर काम करत नाही, आणि हातोडीचा ठोका ऐकल्याशिवाय ती आळी नुसती दुकानांची रांग वाटते. त्यावर उपाय सापडलेला नाही.

काकांच्या दुकानाशी संबंध सुधारले, इतके की बुधवारी कोणाला उशीर झाला तर काका स्वतः फोन करतात. पैसे त्याच दिवशी, दुकानातून उठतानाच दिले जातात. कमिशन कोणीच कोणाला देत नाही. मिसळीचा जो भाव पाटीवर, तोच पाहुण्याला.

पावसाळ्याचा प्रश्न या सगळ्याच्या पलीकडचा. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की घाटावरचे विक्रेते सामान हलवतात आणि बुधवारचा बाजार विस्कटतो. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं यावर अख्खं नाशिक पुराचा अंदाज बांधतं. ताईही तेच करतात. पाणी मारुतीच्या पायाशी आलं की घाट वगळून वरच्या गल्ल्यांतून फेरी नेतात, त्यापुढे गेलं की रद्द करून पैसे परत करतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या पाहुण्याला समजावावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंचं म्हणणं असं की पाहुण्यांची संख्या दहाच्या वर गेली त्याच आठवड्यात काकांकडे दुपारी जाऊन बसायला हवं होतं. माझं मत थोडं आणखी मागे जातं. पहिली फेरी काढण्याआधी प्रत्येक दुकानात एकदा वही घेऊन बसावं आणि बघावं: टेबलं किती, एक माणूस किती वेळात उठतो, गर्दी कधी चढते, कधी उतरते, माल कधी आणि किती तयार होतो, किती वाजता संपतो. चिवड्याच्या दुकानात यातलं काहीच अडत नाही. माल बांधून ठेवलेला असतो, दहा माणसं आली तर दहा पुड्या जास्त जातात. तिथे प्रसिद्धी खरंच उपयोगी पडते. जिलेबीवाल्याची कढई संध्याकाळी तापलेलीच असते. मिसळीचं गणित वेगळं, आणि ते दुकानात उभं राहून बघितल्याशिवाय दिसत नाही. सगळ्या दुकानांना एकच प्रस्ताव घेऊन जाणं हे मुळात चुकतं.

दराबाबत आमचा मतभेद अजून मिटलेला नाही. सुरुवातीपासूनच आठ माणसं आणि १,२०० रुपये ठेवायला हवे होते असं मला वाटतं. ताई म्हणतात, सुरुवातीला ९०० ला चौदा माणसं आली नसती तर फेरीची चर्चाच झाली नसती. दोन्ही बाजूंना वजन आहे. पण सुरुवातीच्या त्या चर्चेचा खर्च काकांच्या टेबलांनी उचलला हेही खरं.

दोघांत एक मिसळ हा बेत पाहुण्याच्या पोटाच्या काळजीने केला होता. त्यापेक्षा थांबे कमी करून प्रत्येक ठिकाणी पूर्ण खाऊ घालणं बरं, असं आता ताई स्वतःच सांगतात. सकाळच्या जुन्या फेरीत चौथ्या थांब्यावर लोक ताटलीत टाकून द्यायचे. ते टाकलेलं उचलणारा दुकानातला पोऱ्या काय विचार करत असेल, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

नोंदणी करतानाच दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या, त्या आता विचारल्या जातात. एक, उपास आहे का? चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार या दिवशी नाशिकचा निम्मा गट साबुदाण्यावर येतो, आणि मग पाववड्याच्या थांब्यावर ती माणसं नुसती उभी राहतात. दुसरी, शेंगदाणा चालतो का? आपल्याकडे शेंगदाणा न चालणारा माणूस फारसा भेटत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण साबुदाणा वड्यात कूट आहे, चिवड्यात दाणे आहेत, ठेच्यात आहेत, आणि तेलही बऱ्याचदा शेंगदाण्याचंच. ज्याला त्रास होतो त्याला या फेरीत खाण्यासारखं जवळपास काहीच उरत नाही. त्याला आधीच नाही म्हणावं लागतं, आणि ते फोनवर, पैसे घेण्याआधी.

बायकांसाठी स्वच्छतागृहाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि तो अर्धाच सुटला आहे. तीन तासांच्या वाटेवर विश्वासाने सांगावी अशी एकच जागा आहे, ओळखीच्या वाड्यातली, आणि तिथे दर वेळी आधी फोन करावा लागतो. ज्येष्ठ मंडळी बुधवारी येऊ लागल्यापासून हे जास्त जाणवतं.

पुढचा निर्णय सिंहस्थ कुंभमेळ्याचा. २०२७ मध्ये पर्वस्नानाच्या दिवसांत जुन्या नाशकात पायी फिरवणं शक्यच नाही, हे ताईंनी मान्य केलं आहे. मधल्या दिवसांचं काय, यावर त्या आणि काका पुन्हा दुपारी दीडला बसणार आहेत. काकांचा मुलगा म्हणतो, त्या काळात मटकी दुप्पट भिजवू. काका म्हणतात, पातेलं आहे तेवढंच ठेवायचं. काकूंनी अजून मत दिलेलं नाही.